हप्त्याने देणे फिटत नाही

"सगळेच करतात" हे दोन शब्द आज आपल्या बाजारात जितके सहज चालतात तितकी एखादी नोटही चालत नसेल. शटरबाहेर तीन फूट माल मांडला, सगळेच मांडतात. टेम्पो फूटपाथला टेकवून तासभर तागे उतरवले, सगळेच उतरवतात. पातळ पिशव्या गल्ल्याखाली दडवून ठेवल्या, शिलाईची कतरण गटारात ढकलली, बिल मागणाऱ्याला एक भाव आणि न मागणाऱ्याला दुसरा भाव सांगितला, तर तेही सगळेच करतात. या शब्दांवर सहसा कोणी वाद घालत नाही, कारण ते बरेचसे खरे आहेत. परंतु एखादी गोष्ट सगळे करतात एवढ्याने ती करण्याचा हक्क मिळतो काय, याचा विचार व्यापाराच्या पानावर झाला पाहिजे असे आम्हाला वाटते. कारण हा प्रश्न शेवटी देण्याघेण्याचा आहे, आणि देणेघेणे हाच आपला धंदा आहे.

नियम का पाळावा, या प्रश्नावर युरोपातील विचारवंतांनी मोठा खल केला आहे. इंग्लंडातील यादवी युद्ध ज्याने पाहिले त्या थॉमस हॉब्जने १६५१ साली 'लेवायथन' हा ग्रंथ लिहिला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा, की कोणतीही सत्ता व कोणताही नियम नसेल तर प्रत्येकजण प्रत्येकाचा शत्रू होईल. मग शेती, कारागिरी, व्यापार, काहीही टिकणार नाही, कारण आज पेरलेले उद्या आपल्याच हाती येईल याची खात्री कोणालाच राहणार नाही. म्हणून माणसे आपले काही स्वातंत्र्य सोडून देतात आणि एकमेकांशी करार करतात. पुढे जॉन लॉकने १६८९ साली आणि जाँ-जाक रूसोने १७६२ साली हा विचार आपापल्या पद्धतीने मांडला. मराठीत याला 'सामाजिक करार' म्हणतात. उर्दू शाळेत शिकलेल्यांना 'मुआहिदा-ए-इमरानी' हा शब्द आठवत असेल.

या विचारात एक बारकावा आहे, तो व्यापाऱ्याने नीट ध्यानात घ्यावा. हॉब्जच्या मते हा करार प्रजा आणि राजा यांच्यातला नाही. तो माणसामाणसांतला आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेले ते वचन आहे, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी वर सत्ता बसवलेली आहे. लॉकने याला आणखी एक गोष्ट जोडली. त्याच्या मते सरकार ही लोकांनी सोपवलेली एक विश्वस्त जबाबदारी आहे. आपण तिला अमानत म्हणू. अमानतीत खयानत झाली तर ती परत मागण्याचा लोकांना हक्क आहे.

म्हणजे वहीत खाती दोन झाली. एक खाते शेजाऱ्याचे, दुसरे सरकारचे. आपल्या बाजारातला सगळा गोंधळ ही दोन खाती एकमेकांत मिसळल्यामुळे झाला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्ण घेणे आणि कमी देणे

एस. व्ही. रोडवरच्या कोणत्याही सिग्नलचे उदाहरण घ्या. लाल दिवा असताना एक स्कूटरवाला सुसाट निघून जातो. त्याची दोन मिनिटे वाचतात. ती कशामुळे वाचतात? आडव्या रस्त्यावरचे लोक त्यांना हिरवा असेल तेव्हाच निघतील आणि लाल असेल तेव्हा थांबतील या भरवशावर तो चालतो. एकही माणूस थांबला नसता तर तो चौकातच अडकून पडला असता. नियम मोडणाऱ्याचा फायदा नियम पाळणाऱ्याच्या खिशातून येतो. फूटपाथचेही तसेच आहे. एका दुकानदाराने माल बाहेर मांडला तर गिऱ्हाइकाची नजर आधी त्याच्यावर जाते, पण शेजारचे आपापल्या हद्दीत आहेत तोपर्यंतच. सगळे बाहेर आले की सगळ्यांचा फायदा शून्य होतो. चालायची जागा मात्र गेलेली असते.

कुरआनात 'अल-मुतफ्फिफीन' नावाची सूरह आहे. तिच्या प्रारंभी अशा लोकांच्या नाशाची ताकीद आहे जे दुसऱ्याकडून घेताना माप पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात. आपल्या पिढीने ही ताकीद तराजू आणि गजापुरती ऐकली. कापडवाल्याने ती मीटरपट्टीपुरती मानली. वैधमापन खात्याचा शिक्का असलेली पट्टी वापरली, कापड ओढून न ताणता मोजले, की झाली जबाबदारी पूर्ण. परंतु त्या शब्दांचा आवाका याहून मोठा आहे असे आम्हाला वाटते. दुसऱ्यांनी रस्ता मोकळा ठेवावा, दुसऱ्यांनी गटारात कचरा टाकू नये, दुसऱ्यांनी वेळेवर पैसे द्यावेत, असे माप आपण पुरेपूर घेतो. आपली पाळी आली की देताना हात आखडतो. शिस्तीतले माप मारणे आणि कापडातले माप मारणे यांत फरक काय? फरक एवढाच, की कापडात एक गिऱ्हाईक नागवला जातो आणि शिस्तीत अख्खी वस्ती.

उधारीचेच पाहा. भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागवाल्याला आपला बाजार कित्येक महिने पैशासाठी थांबवतो आणि स्वतःची वसुली मात्र वेळेवर मागतो. छोट्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत हा नियम २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातच होता. कोणी लक्ष दिले नाही. मग २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराची वजावट त्याला जोडली. मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च त्या वर्षाच्या हिशेबात धरला जाणार नाही, अशी ती तरतूद होती. २०२४ च्या सुरुवातीस कापड बाजारात एकच ओरड झाली. त्या तरतुदीत व्यवहाराच्या काही अडचणी आहेत हे आम्ही नाकारत नाही. पण देण्याची मुदत ठरवून ती लिहून ठेवण्याची आज्ञा ज्या उम्मतला सूरह बकरहच्या सर्वांत लांब आयतीत मिळाली आहे, तिच्या व्यापाऱ्यांनी आयकराच्या धाकाची वाट पाहावी हे काही शोभणारे नाही.

९४४ मिलिमीटर

सांताक्रूझच्या वाचकांना या विषयाचा पुरावा बाहेर शोधायला नको. २६ जुलै २००५ रोजी विमानतळाजवळच्या सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटरची नोंद झाली. एकाच शहरात दक्षिणेला साधा पाऊस आणि उपनगरात प्रलय. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. तळमजल्यावरची दुकाने, कारखाने, शिलाईच्या खोल्या पाण्याखाली गेल्या. भिजलेला तागा वाळवून विकता येतो असे ज्याला वाटते, त्याने गटाराच्या पाण्यात दोन दिवस पडलेला तागा पाहिलेला नसतो.

त्या दिवसाचा दोष एका पिशवीवर टाकणे अन्यायाचे होईल. पाऊसच अभूतपूर्व होता. समुद्राला भरती होती. मिठी नदीचे पात्र भराव आणि बांधकामांनी आवळले गेले होते. शहराची पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि ती दुप्पट क्षमतेची करावीत अशी शिफारस असलेला 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ पासून महापालिकेच्या दप्तरी पडून होता. ही सगळी सरकारच्या खात्यावरची बाकी आहे, आणि ती मागितलीच पाहिजे. पण गटारांच्या तोंडाशी अडकलेले प्लास्टिक कोणाच्या खात्यावर मांडायचे? ते कोणत्या सरकारी अधिकाऱ्याने आणून टाकलेले नव्हते. ते दुकानांतून आणि घरांतून गेले होते.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २००६ साली राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घालणारे नियम केले. त्या चालूच राहिल्या. २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली. जूनच्या २३ तारखेपासून दंड सुरू झाले. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. काही दिवस बाजारात कापडी पिशव्या दिसल्या. मग तपासणी सैल झाली आणि पन्नी परत आली. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरायच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आणली, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरली. कायदा जाड होत गेला, पिशवी पातळच राहिली.

कापडाच्या धंद्याने तर यात पुढाकार घ्यायला हवा होता. पिशवी शिवायला लागते ते कापडच आहे. कटपीस आपल्याकडे पडून असतात, शिलाई करणारे हात आपल्याच मोहल्ल्यात आहेत. आणि हेही सांगितले पाहिजे, की गटार केवळ प्लास्टिकनेच तुंबत नाही. शिलाईच्या कारखान्यातील कतरण ओली झाली की तिचा बोळा होतो आणि त्यात बाकीचा कचरा अडकतो. मिलन सबवेत दर पावसाळ्यात पाणी का भरते, याची कारणे सांगताना आपण भरती, उतार, पंप, महापालिका अशी यादी म्हणतो. त्या यादीत पिशवी आणि कतरण यांचा उल्लेख आपल्या तोंडून क्वचितच होतो.

"आम्ही सही कुठे केली?"

कोणी म्हणेल, करार करार म्हणता, पण आम्ही तो केव्हा केला? कोणत्या कागदावर आमची सही आहे? हा प्रश्न चतुराईचा नाही, खरा आहे. लॉकने याला उत्तर दिले होते, की जो देशातील मालमत्तेचा उपभोग घेतो, इतकेच काय, जो राजरस्त्यावरून मोकळेपणी प्रवास करतो, त्यानेही न बोलता संमती दिलेली आहे. यावर डेव्हिड ह्यूमने १७४८ साली नेमके बोट ठेवले. त्याचे म्हणणे असे, की एखाद्याला झोपेत उचलून जहाजावर आणले आणि मग सांगितले की तू इथे राहिलास म्हणजे कप्तानाची सत्ता तुला मान्य आहे, तर ही कसली संमती? उतरायचे तर समुद्रातच उडी मारावी लागेल. गोळीबारच्या किंवा गझदरबंधच्या झोपडीत जन्मलेल्या पोराला कोणी विचारले होते, की बाबा, तुला या शहराचे नियम कबूल आहेत काय?

ह्यूमचा आक्षेप आम्हाला बिनतोड वाटतो. पण जहाजाचा एक दाखला आपल्याकडेही आहे आणि तो हजार वर्षांहून अधिक जुना आहे. सहीह बुखारीत आलेल्या हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नियम पाळणाऱ्यांची आणि मोडणाऱ्यांची उपमा एका जहाजातील प्रवाशांशी दिली आहे. चिठ्ठ्या टाकून काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी दर वेळी वर जावे लागे. त्यांना वाटले, आपल्या वाट्याच्या जागेत एक भोक पाडून घेऊ, म्हणजे वरच्यांना त्रास नको. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील, आणि हात धरला तर सगळेच वाचतील.

या दाखल्यात दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली अशी, की खालच्या मजल्यावर कोणी आपल्या मर्जीने गेलेला नाही, चिठ्ठीत त्याचे नाव निघाले. म्हणजे सहीचा प्रश्नच येथे नाही. जहाज एक आहे, पाणी एक आहे, एवढ्यावरून बंधन निर्माण होते. दुसरी अशी, की भोक पाडणारा दुष्ट नाही. त्याचा हेतू चांगला आहे, त्याची गरज खरी आहे, आणि जागाही त्याच्याच वाट्याची आहे. आपल्या बाजारातला नियम मोडणाराही बहुधा असाच असतो. त्याला कोणाला बुडवायचे नसते, त्याला फक्त आपली सोय पाहायची असते. म्हणून त्याचा हात धरायचा तो शत्रू समजून धरायचा नाही. आणि वरच्या मजल्यावाल्यांवरही एक जबाबदारी येते. खालच्याला पाणी सहज मिळेल अशी व्यवस्था त्यांनी केली असती तर त्याच्या मनात भोक पाडण्याचा विचार आलाच नसता.

पावती कोणाची?

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बाजारात नियमभंगाचा एक दर ठरलेला असतो. त्याला हप्ता म्हणतात. तो देणाऱ्याची समजूत अशी असते, की आपण फुकट काही घेत नाही, जागेचे पैसे मोजतो. कित्येक नेक माणसांच्या मनालाही ही समजूत शांत झोप देते.

व्यापाऱ्याने हा व्यवहार आपल्याच वहीच्या रीतीने तपासावा. एका पेढीचे ५० हजार रुपये देणे आहे आणि आपण ते नेऊन तिसऱ्याच माणसाच्या हातावर ठेवले, तर देणे फिटले काय? धनको दारात उभाच राहणार. फूटपाथवर जी तीन फूट जागा घेतली ती कोणाची होती? ती हप्ता घेणाऱ्याची नव्हतीच. ती कडेवर मूल घेऊन चालणाऱ्या बाईची होती. ती काठी टेकत मशिदीकडे निघालेल्या म्हाताऱ्याची होती. आपला माल आत ठेवल्यामुळे ज्याचे गिऱ्हाईक तुटले त्या शेजारच्या दुकानदाराचाही तिच्यात हक्क होता. यांपैकी कोणालाच पैसे मिळालेले नाहीत, आणि कोणीच पावती दिलेली नाही. हप्त्याने कारवाई टळते, देणे फिटत नाही. उलट लाच देण्याचा गुन्हा वर चढतो तो निराळाच.

रस्त्याला हक्क असतो ही कल्पना आपल्याला नवीन नाही. रस्त्यावर बसण्याचे टाळा आणि बसणे भागच असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. कोणाला उपद्रव न देणे हा त्या हक्काचाच भाग सांगितला आहे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हे इमानाचे अंग मानले गेले आहे. पुढे इस्लामी शहरांत बाजारावर मुहतसिब नेमले जात. मापे तपासणे आणि रस्त्यावरचे अतिक्रमण हटवणे ही दोन्ही कामे त्याच एका अधिकाऱ्याकडे असत. माप आणि रस्ता यांना एकाच वहीत ठेवण्यामागे मोठे शहाणपण होते. आज जुमाच्या दिवशी काही मशिदींसमोर गाड्या अशा लावल्या जातात, की रुग्णवाहिका यायची झाली तर तिने कोठून जावे हा प्रश्न पडतो. नमाज पढायला आलेल्याने बाहेर कोणाचा तरी हक्क अडवून ठेवावा, याचा खुलासा कोणता आलिम देईल?

सरकारच्या खात्यावरची बाकी

हे वाचून काही वाचकांच्या मनात राग उभा राहील, आणि तो राग आम्ही समजू शकतो. ते म्हणतील, नियमाचा उपदेश आम्हालाच का? मोठ्यांची बांधकामे दंड भरून नियमित होतात आणि गरिबाची टोपली उचलून गाडीत फेकली जाते. शिवाय या शहराने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ पाहिले आहे. दुकाने जळाली, माणसे मारली गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची नोंद केली आणि पोलिसांच्या पक्षपाताबद्दलही स्पष्ट लिहिले. १९९८ साली अहवाल विधिमंडळापुढे आला, त्यावर व्हावी तशी कारवाई झाली नाही. जिवाचे रक्षण हे कराराचे पहिले कलम. तेच मोडले गेले, मग बाकीची कलमे आम्ही का पाळावीत? खुद्द हॉब्जने म्हटले आहे, की सत्ता रक्षण करू शकते तोपर्यंतच तिची आज्ञा बंधनकारक असते.

हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की ही बाकी सरकारच्या खात्यावर मांडा आणि तेथूनच वसूल करा. ती शेजाऱ्याच्या खात्यातून वळती करू नका. त्या काळ्या दिवसांत सत्ता जेथे हजर नव्हती तेथे कित्येक वस्त्या शेजाऱ्यांच्या शब्दावर वाचल्या. नंतर मोहल्ला एकता समित्या उभ्या राहिल्या त्या याच शब्दाच्या बळावर. वरचा करार फाटला तेव्हा खालचा करार उभा होता. तोही आपण आपल्या हाताने फाडला तर हाती काय उरेल? आणि वसुली कशी झाली तेही पाहा. लोकांनी आयोगापुढे शपथपत्रे दिली, न्यायालयांत वर्षानुवर्षे खेपा घातल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दंगलीतील बेपत्ता व्यक्तींच्या वारसांना राहिलेली भरपाई व्याजासह देण्याचा आदेश राज्याला दिला. तीस वर्षे लागली, ही लाजेची गोष्ट आहे. पण जे काही मिळाले ते नियमाचा हात धरूनच मिळाले. ज्याचा दुबळा हात दुसऱ्या कशाने बळकट होत नाही, त्याला नियमाची गरज सर्वांत जास्त असते.

फेरीवाल्याची गोष्ट हेच सांगते. त्याला आपण सर्रास नियम मोडणारा म्हणतो. पण १९८५ साली ज्याचा निकाल लागला ते बॉम्बे हॉकर्स युनियनचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले ते कशासाठी? आम्हाला परवाना द्या, जागा ठरवून द्या, यासाठी. त्याच वर्षी ओल्गा टेलिस प्रकरणात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात धरला. २०१४ साली संसदेने पथविक्रेता कायदा केला. आधी पाहणी, मग प्रमाणपत्र, मग जागा. पाहणी पुरी होईपर्यंत कोणाला हटवायचे नाही. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच. कागदावर याहून चांगला करार कोणता? पण मुंबईत विक्रेत्यांचे प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. दहा वर्षे फेरीवाला कराराच्या दारात उभा होता आणि दार उघडणारेच कोणी नव्हते. अशा माणसाने पोटासाठी टोपली मांडली, तर त्याचा आणि पक्के दुकान, गुमास्ता लायसन, वीज, पाणी असे सगळे घेऊन वर फूटपाथही घेणाऱ्या दुकानदाराचा गुन्हा एक नव्हे. पहिला करारात घ्या म्हणतो. दुसरा करारात बसून माप मारतो.

एकट्याने शहाणे व्हायचे काय?

शेवटची अडचण अगदी व्यवहाराची आहे. आम्ही एकट्यानेच माल आत घेतला तर आमचेच गिऱ्हाईक जाईल, बाकीचे हसतील. हे खरे आहे. हॉब्जही म्हणतो, की कोणीच वचन पाळत नसताना जो एकटा पाळतो तो स्वतःला इतरांचे भक्ष्य करून घेतो. पण तो तेथेच थांबत नाही. अशा वेळीही तहाची खटपट करणे हे प्रत्येकावर बंधनकारक आहे, असे तो सांगतो. म्हणजे एकट्याने बळी जाणे हा फर्ज नसेल, पण चार जणांना एकत्र बसवणे हा फर्ज आहे. मापतोल आणि खरे बोलणे यांत मात्र अशी सवलत नाही. ते एकट्यानेही पाळायचे असते.

याचा उत्तम नमुना मक्केच्या बाजारातच सापडतो. प्रेषितपद मिळण्याच्या पुष्कळ आधीची गोष्ट. यमनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या एका बड्या आसामीने घेतला आणि पैसे बुडवले. परका माणूस, पाठीशी कोणी नाही. त्याने अबू कुबैस डोंगरावर चढून हाक दिली. तेव्हा काही घराण्यांची माणसे अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमली आणि त्यांनी शपथ घेतली, की मक्केत कोणावर अन्याय झाला, मग तो आपला असो की परका, तर त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण सगळे त्याच्या बाजूने उभे राहू. हाच 'हिल्फुल फुदूल'. तरुण मुहम्मद (स.) त्यात सामील होते. पुढे इस्लामच्या काळातही ते म्हणत, की अशा करारासाठी आजही कोणी बोलावले तर मी जाईन. तो करार झाला तेव्हा इस्लामचा काळ सुरूही झाला नव्हता. तरी करार चांगला तो चांगलाच. हिजरतनंतर मदीनेत झालेला मीसाक तर निरनिराळ्या धर्मांच्या आणि टोळ्यांच्या लोकांना एका शहराच्या संरक्षणासाठी बांधून घेणारा होता. मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ साली आपल्या पुस्तकात याच मीसाकचा आधार घेऊन या देशातील सर्व धर्मीयांच्या एकत्र राहण्याची बाजू मांडली होती.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. सांताक्रूझच्या पूर्वेला वाकोल्यात असो, पश्चिमेला स्टेशनसमोरच्या बाजारात असो, एका गल्लीतल्या दहा-वीस दुकानदारांनी एकदा बसावे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, जैन, जे कोणी त्या गल्लीत आहेत त्या सर्वांनी. चार ओळींचा कागद करावा. माल शटरच्या रेषेच्या आत राहील. पातळ पिशवी कोणीच देणार नाही, म्हणजे गिऱ्हाईक पिशवीसाठी शेजारी पळणार नाही. कतरण आणि पन्नी गोणीत भरून कचऱ्याच्या गाडीलाच दिली जाईल. टेम्पो उतरवण्याची वेळ ठरलेली असेल. सर्वांनी एकाच दिवशी माल आत घेतला तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटत नाही. आणि हाच कागद हातात घेऊन वॉर्ड ऑफिसला जावे व म्हणावे, आमच्या बाजूची कलमे आम्ही पाळतो आहोत, आता तुमच्या बाजूची दाखवा. गटार कधी साफ होणार? फेरीवाल्यांच्या जागा कधी आखणार? पावती न देता पैसे मागणारा पुन्हा आला तर तक्रार कोणाकडे करायची? ज्याची स्वतःची बाकी चुकती आहे त्यालाच दुसऱ्याकडे ठणकावून मागता येते, हे बाजारात कोणाला सांगावे लागत नाही.

यातून सगळा बाजार एका ईदपर्यंत सुधारेल असा आमचा दावा नाही. एखादा कागद महिन्याभरात फाटेल, एखाद्या गल्लीत दोघे ऐकणार नाहीत. तरी एका गल्लीत तो टिकला तर शेजारच्या गल्लीला "सगळेच करतात" हे म्हणणे जड जाईल. अल्लाहने सूरह माइदहच्या पहिल्याच आयतीत इमानवाल्यांना करार पूर्ण करण्याची आज्ञा दिली आहे. तिच्यात लहान करार आणि मोठा करार असा भेद केलेला नाही. आपल्या दुकानाच्या उंबऱ्यापासून फूटपाथच्या कडेपर्यंतची तीन फूट जागा हाही एक करारच आहे, आणि त्याचा हिशेब जेथे द्यायचा आहे तेथे हप्ता चालत नाही.